पुस्तकापासून पडद्यापर्यंत : संगणकाची भाषा शिकताना

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'सी' ही संगणकभाषा घडवली. भारतातील असंख्य विद्यार्थ्यांना ती शिकवणारे पुस्तक मात्र एका नागपूरकराचे आहे : यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी'. सोपी इंग्रजी, छोटे छोटे प्रोग्राम आणि प्रकरणाच्या शेवटी 'उत्तर काय येईल?', 'यात चूक कोठे आहे?' असे प्रश्न. १९९० च्या दशकात संगणकासमोर बसायची पाळी क्वचितच येई. त्यामुळे अनेकांनी हे प्रश्न आधी वहीतच सोडवले.

पण वही चूक दाखवत नाही. विधानाच्या शेवटचा अर्धविराम गळला तरी ती गप्प राहते. संगणकातील कंपायलर लगेच हटकतो. गंमत अशी की, बऱ्याचदा तो बोट ठेवतो पुढच्या ओळीवर! पुढचा शब्द वाचल्याखेरीज अर्धविराम राहिल्याचे त्याला कळतच नाही. नवशिक्या मात्र त्या बिनचूक ओळीतच चूक शोधत बसतो. अशा वेळी समजावणारे कोणी हवे, आणि तेही त्याला कळेल अशा भाषेत.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा 'एनपीटेल' हा उपक्रम सुरू झाला व नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने घरी पोहोचली. पुढे मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' उभे राहिले. यातील पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. पडद्यावर प्रोग्राम टंकित होताना दिसतो. 'इफ', 'व्हाइल' हे शब्द इंग्रजीच राहतात, पण त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. विद्यार्थ्याने पाठ मध्येच थांबवायचा आणि तीच कृती स्वतः करून पाहायची. सी भाषेच्या पाठांत तर नेहमीच्या चुका मुद्दाम करून दाखवल्या आहेत. इंटरनेट नसेल तेथे हे पाठ आधी उतरवून घेऊनही वापरता येतात.

शिक्षकांनी यातील आणखी एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. ध्वनिमुद्रणापूर्वी पाठाची संहिता विषय न जाणणाऱ्या नवशिक्याला देतात. तो जेथे अडतो, तेथे संहिता सुधारली जाते.

आपल्या वर्गातही हे करून पाहावे. एक अर्धविराम गाळलेला प्रोग्राम फळ्यावर लिहावा. मुलांनी चूक आधी वहीत शोधावी, मग संगणकाला विचारावे, आणि कंपायलरने तीच ओळ का दाखवली, हे एकमेकांना मराठीत सांगावे. मुले जेथे अडतील तेथे आपली टिपणे दुरुस्त करावीत.