‘फकिरा’ : बंडखोरीच्या इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना
शासनाच्या दफ्तरात ज्याची नोंद दरोडेखोर म्हणून होते, तो लोकस्मृतीत वीर म्हणून का टिकतो, हा सामाजिक इतिहासापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. शी नाइआन यांच्या नावावर असलेली ‘शुइहू चुआन’ ही चिनी अभिजात कादंबरी या प्रश्नाचे प्रसिद्ध उदाहरण होय. सोंग राजवटीतील १०८ बंडखोर तीत ल्यांगशानच्या पाणथळ प्रदेशात आश्रय घेतात. मिंग सत्तेने १६४२ मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. मराठीत या परंपरेच्या सर्वांत जवळ जाणारी कृती म्हणजे अण्णाभाऊ साठे (१९२०-१९६९) यांची ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी. प्रस्तुत लेखात इतिहासाचे साधन म्हणून तिचे मूल्य तपासले आहे.

दोन बंडे, दोन शेवट
चिनी कादंबरीतील रोष भ्रष्ट अधिकाऱ्यांवर आहे, सिंहासनावर नाही. म्हणूनच सोंग च्यांग आणि त्याचे साथीदार बादशाही माफी स्वीकारून राज्याच्या वतीने लढतात. ‘फकिरा’मध्ये असा मार्ग उपलब्धच नाही. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी फकिरा धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिना लुटतो. गावातील शंकरराव पाटील, विष्णुपंत कुलकर्णी यांची त्याला सहानुभूती लाभते. परंतु वस्तीतील आप्तस्वकीय पकडले गेल्यावर, त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो. त्याच्या वाट्याला माफी येत नाही, फाशी येते.

कायद्याचा संदर्भ
या फरकाचे कारण वसाहतीच्या कायद्यात सापडते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व्यक्तीच्या कृत्याऐवजी जन्मालाच गुन्हा ठरविण्याचा मार्ग शासनाला खुला केला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. हजेरी हे या व्यवस्थेचे दैनंदिन रूप होते. दफ्तरात हजेरी ही प्रशासकीय तरतूद दिसते, तर कादंबरीत ती माणसाचा रोजचा अपमान म्हणून दिसते. जो मुळातच गुन्हेगार ठरला आहे, त्याला राज्य माफी देऊन आपलासा करू शकत नाही. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यानंतर सातच वर्षांनी ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली.

साधन म्हणून मर्यादा
कादंबरीतील प्रसंगांवरून घटनांचा कालानुक्रम ठरविणे योग्य नव्हे. वाटेगाव परिसरातील आठवणींना लेखकाने कलात्मक रूप दिले आहे. मात्र सत्तेचा अनुभव तळातून कसा घेतला गेला, याची साक्ष ती निश्चित देते. एरिक हॉब्सबॉम यांचा सामाजिक दरोडेखोरीची चर्चा करणारा ‘प्रिमिटिव्ह रिबेल्स’ हा ग्रंथही १९५९ चाच, हा योगायोग लक्षणीय आहे.

निष्कर्ष
दफ्तर आणि कादंबरी ही परस्परांना छेद देणारी साधने आहेत. केवळ दफ्तरावर विसंबणारा इतिहासकार नकळत शासनाचाच निवाडा पुन्हा लिहितो. वंचितांच्या बंडांचा अभ्यास करताना दफ्तराइतकीच कठोर चिकित्सा लावून मौखिक व साहित्यिक साधनेही तपासणे आवश्यक आहे.