बारा जुलैच्या दोन रात्री

अकरा जुलैच्या रात्री आमच्या घरात पाणी भरून ठेवलं जायचं. नळाला पाणी येत असो की नसो, बाहेर पाऊस धो धो कोसळत असो, आजी हंडा, कळशा, पातेली, एवढंच काय, देवाचा तांब्यासुद्धा भरून स्वयंपाकघरात भिंतीकडेला ओळीनं मांडायची. त्यावर ताटल्या झाकायची आणि मगच अंथरुणाला पाठ टेकायची. कुणी विचारलं, तर एकच शब्द सांगायची, "पानशेत."

पुण्याच्या पेठांमध्ये माझ्या लहानपणी काळाचे दोन भाग होते, पानशेतच्या आधीचा आणि पानशेतच्या नंतरचा. लग्नं, बारशी, वाड्यातली भांडणं, सगळं त्यावरून मोजायचं. आजी तर माणसंही तशीच मोजायची. "तो पानशेतच्या आधीचा भाडेकरू," म्हणाली की त्या माणसाला चहा ठरलेला.

१२ जुलै १९६१ हा बुधवार होता. आजी-आजोबा तेव्हा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला एका वाड्यात राहायचे. आजोबा छापखान्यात जुळारी होते. ते सकाळी कामावर गेले होते आणि माझे वडील, तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, पाणी किती चढलंय ते बघायला लकडी पुलाकडे पळाले होते. अर्धं पुणं त्या सकाळी पूर बघायलाच गेलं होतं. आजी पाट्यावर चटणी वाटत होती. पाणी रस्त्यावरून येईल असं तिला वाटलं होतं, पण ते पहिल्यांदा आलं न्हाणीघराच्या मोरीतून. मोरी आधी गुडगुडली, मग तिच्यातून काळपट पाणी वर यायला लागलं. "उतू जाणाऱ्या दुधासारखं," ती म्हणायची. तिनं मोरीच्या तोंडाशी पोतेरं दाबून धरलं. हे सांगताना ती दर वेळी हाताचा तळवा जमिनीवर दाबून दाखवायची. मग वडील धावत आले, तिला हाताला धरून ओढत बाहेर काढलं, आणि दोघं वरच्या अंगाला सदाशिव पेठेत नातेवाइकांकडे गेली. आजीचे हात चटणीचे होते. ते धुवायचं तिला संध्याकाळी सुचलं, तेव्हा धुवायला पाणी नव्हतं.

पानशेतचं धरण मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवरचं, मातीचं. बांधकाम पुरं व्हायच्या आधीच त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडलं. पाणी सोडण्यासाठी धरणाच्या पोटातून मोरी काढलेली होती. तिच्या बांधकामात लोखंडी सळई घातलेली नव्हती आणि तिचे दरवाजे अजून नीट बसले नव्हते. अर्धवट उघड्या दरवाजांतून पाणी हिसके देत सुटलं, त्या हिसक्यांनी मोरी हादरली, आणि तिच्यावरची माती खचत गेली. सकाळी सातच्या सुमारास धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं, आणि १८७९ सालापासून उभं असलेलं ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटलं. पुण्यातले मुठेवरचे पूल पाण्याखाली गेले. पुलाची वाडी, डेक्कन, शनिवार, नारायण, कसबा, जिथं जिथं नदीचा शेजार होता, तिथं पाणी घरात शिरलं. पुढे चौकशी आयोग बसले, अहवाल आले. आजीला त्यातलं काही माहीत नव्हतं. मोरीनं दगा दिला हे मात्र तिनं आयोगाच्या आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मोठेपणी धरणाच्या मोरीबद्दल वाचलं तेव्हा मी बराच वेळ ते पान उलटलं नाही.

पूर दिवसाउजेडी आला आणि संध्याकाळपासून ओसरायला लागला. रात्र मात्र तिच्या आठवणीत दिवसापेक्षा मोठी होती. ज्येष्ठ अमावास्या होती. वीज गेलेली. सदाशिव पेठेतल्या त्या माडीवर पंधरा-वीस माणसं बसून होती आणि खालून, नदीच्या अंगानं, थोड्या थोड्या वेळानं धप्प असा आवाज यायचा. वाड्यांच्या मातीच्या भिंती पाणी पिऊन फुगल्या होत्या, आणि पाणी उतरलं तशा अंधारात एकेक करून बसत होत्या. "दिसत काही नव्हतं गं," आजी सांगायची. "नुसतं ऐकायचं. प्रत्येक आवाजाला वाटायचं, हे आपलं."

त्यांचा वाडा अर्धा उरला. दिंडी दरवाजाच्या चौकटीवर पाण्याची तपकिरी रेघ उमटली होती, आजीच्या डोक्याच्या हातभर वर. घरातून जे जायचं ते गेलं. पाटा मात्र जागचा हलला नव्हता, चिखलात जसाच्या तसा बसून होता. वरवंटा गेला. इतका जड दगड पाण्यानं कसा नेला, आणि त्याच्याहून जड पाटा कसा सोडला, हे कोडं तिला आयुष्यभर सुटलं नाही. नंतर तिनं दुसरा वरवंटा घेतला, पण तो त्या पाट्याला कधी बसला नाही. एका अंगानं तो पाट्याला टेकायचा नाही, आणि तिथं चटणी जाडसर राहायची. आमच्या घरची चटणी अशीच असते, असं मी लग्नापर्यंत समजत होते.

आजोबांच्या छापखान्यात खिळ्यांच्या केसी चिखलानं भरल्या होत्या. काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळं एकात एक. पुढचे कित्येक दिवस ते आणि त्यांचे सोबती ओट्यावर बसून, घमेल्यात पाणी घेऊन खिळे धूत होते. एक खिळा उचलायचा, बोटानं पुसायचा, उजेडात धरून उलटं अक्षर वाचायचं आणि आपल्या घरात टाकायचा. धुवायला पाणी कुठून यायचं, तर वाड्याच्या विहिरीतून, तीही उपसून स्वच्छ केल्यावर. सगळं शहर पाण्यानं धुऊन नेलेलं, आणि प्यायच्या पाण्याला लोक कळशा घेऊन वणवण करत होते. हंडे भरून ठेवायची आजीची रीत तिथली.

हे झालं वडिलांकडचं. आईकडचे आजोबा, आबा, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावचे, शाळामास्तर. त्यांची बारा जुलै निराळी होती. सन १६६०. मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडलेला, राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आलेला, नेताजी पालकरांनी वेढा फोडायचा केलेला प्रयत्न फसलेला. आबा एवढा भाग चार वाक्यांत उरकायचे आणि शिवा काशीदपाशी थांबायचे. "नेबापूरचा. आपल्या शेजारचा. न्हावी," असं एकेक शब्द सुटा करून सांगायचे. गडावर अडकलेल्या शिवाजी महाराजांसारखा पोशाख करून तो पालखीत बसला, सिद्दीच्या माणसांच्या हाती लागला, आणि ओळख पटल्यावर मारला गेला. आबांच्या वर्गात मुलांना तारीख चुकली तर चालायची, नेबापूर विसरलेलं चालत नसे.

मग राजदिंडीची वाट, बांदलांचे सहाशे मावळे, मसाईचं पठार, पाऊस. पालखीच्या भोयांनी न थांबता खांदा कसा पालटला असेल, हे ते अंगणात चालून दाखवायचे. पहाटेनंतर पाठलाग जवळ आला, आणि घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे निम्मी माणसं घेऊन मागे राहिले. पुढे विशाळगडालाही सुर्वे आणि दळव्यांनी मोर्चे लावलेलेच होते, तिथंही वाट कापूनच वर चढायचं होतं. गडावर पोचलो की तोफा होतील, तोवर खिंड सोडायची नाही, एवढंच ठरलेलं. "किती तास?" मी विचारायचे. आबा म्हणायचे, "तास नसत्यात मोजायचे, पोरी. गडावर तोफ होईस्तवर."

आबा ही तारीख तिथीनं पाळायचे, आषाढी पौर्णिमेला, म्हणजे गुरुपौर्णिमेला. बारा जुलै छापलेल्या पत्रकांवर त्यांचा राग होता. मला ते हटवादी वाटायचे. पुढे मी हिशेब करून पाहिला. त्या काळात इंग्रजांची कालगणना जुलियन होती, आजची ग्रेगोरियन त्यांनी १७५२ साली घेतली. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. म्हणजे १६६० सालची ती बारा जुलै आजच्या मोजणीनं बावीस जुलै होते. पौर्णिमा मात्र पौर्णिमाच राहते, कुठल्याही गणनेनं. आबांचं बरोबर होतं. पाठलाग होणार हे माहीत असताना, आषाढातल्या ढगांच्या भरवशावर ते लोक भर पौर्णिमेला गडाबाहेर पडले. आणि तीनशे एक वर्षांनी त्याच आकड्याच्या तारखेला माझी आजी अमावास्येच्या काळोखात भिंती पडताना ऐकत बसली होती.

हे दोघं व्याही एकदाच बारा जुलैला एका घरात होते, १९८२ साली. आबा एस.टी.नं आदल्या दिवशी आले होते, डोळे तपासायला. सहकारी बँकेत असलेला मामाही बरोबर होता. नाबार्ड त्याच दिवशी, १२ जुलै १९८२ रोजी स्थापन झाली, आणि शेतीच्या कर्जासाठी आता स्वतंत्र राष्ट्रीय बँक आली म्हणून तो दिवसभर उत्साहात बोलत होता. आज मागे पाहिलं तर त्या दिवसानं खेड्यापाड्यांतल्या फार मोठ्या पसाऱ्याला हात घातला. पण आमच्या घरात त्या तारखेला ती गोष्ट काही चिकटली नाही. तिच्यात कुणी रात्र जागवलेली नव्हती.

रात्री वीज गेली. स्वयंपाकघरात भरलेले हंडे बघून आबांनी कारण विचारलं, आणि आजीनं सगळं सांगितलं, तळव्यानं मोरी दाबण्यापासून. आबा मास्तर असून मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग वडिलांनी एक गोष्ट सांगितली, ती आजीलाही नीट माहीत नव्हती. अकराच्या संध्याकाळी धरण खचायला लागलं, तेव्हा लष्कराच्या जवानांना बोलावलं होतं. ती पोरं रात्रभर पावसात, अंधारात, खचणाऱ्या मातीवर वाळूची पोती टाकत होती. बांध खचे, ती भर घालीत. धरण वाचलं नाही, पण रात्री फुटलं असतं ते सकाळपर्यंत तगलं. पुणं झोपेत सापडलं नाही.

आबा हळूच म्हणाले, "खिंडच की ही."

आजी बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "मास्तर, तुमच्या त्या खिंडीतल्या माणसांना तोफ ऐकू आली का हो?"

"आली म्हनत्यात. तोफ ऐकली, मगच बाजींनी प्राण सोडला."

"बाजींना आली असेल. बाकीच्यांना?" आणि मग, "या पोरांना कुणी सांगितलं असेल का, की आम्ही उठलो होतो, चालत बाहेर पडलो, म्हणून?"

आबांकडे उत्तर नव्हतं. एरवी कुठल्याही प्रश्नाला ते तीन वाक्यं बोलायचे. त्या रात्री त्यांनी फक्त पाणी मागितलं, आणि आजीनं ओळीतला देवाचा तांब्या उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यानंतर आबांची गोष्ट बदलली. मी ती पुढेही अनेकदा ऐकली, त्यांच्या नातवंडांत बसून. तोफेपर्यंत आले की ते थांबायचे, सगळ्यांकडे बघायचे आणि आवाज चढवून सांगायचे, "तोफ झाली. बाजींनी ऐकली, आनि खिंडीत जो जो होता, त्या हरएकानं ऐकली." शेवटचं वाक्य दोनदा म्हणायचे. कुठल्या बखरीत तसं आहे, असं मी त्यांना विचारलं नाही.

पुढे धरण नव्यानं उभं राहिलं आणि पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर नाव मिळालं. शेजारचा वरसगावचा जलाशय वीर बाजी पासलकरांच्या नावाचा. आबांना हे फार आवडायचं. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरला पत्र्याच्या अर्धगोल निसेन हट उभ्या राहिल्या होत्या. आजीची धाकटी बहीण तिथं कित्येक वर्षं राहिली. उन्हाळ्यात त्या हटमध्ये भाकरी न भाजता फुगेल, असं ती म्हणायची. पोती टाकणाऱ्या जवानांची नावं मात्र आमच्या घरात कुणालाच कधी कळली नाहीत.

आबा १९९१ साली गेले. पुढच्या जुलैत मी पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत निघाले, दीडशेएक जणांच्या जथ्यात. मसाई पठारावर धुकं इतकं दाट होतं की पुढच्या माणसाच्या पाठीवरची पिशवी तेवढी दिसायची. खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, गुडघाभर चिखल, पायाला जळवा. लोकांनी अंगणात उभं राहून आम्हाला चहा दिला. दुसऱ्या दिवशी पांढरेपाण्यावरून पुढे जाऊन खिंडीत उतरलो. खिंड अरुंद, आणि तिच्यातून ओढा वाहतो. त्या दिवशी त्याला इतकं पाणी होतं की शेजारी उभ्या मैत्रिणीचं बोलणंही कळत नव्हतं. ती ओठ हलवत होती आणि मी मान डोलवत होते. विशाळगड धुक्यात कुठल्या दिशेला आहे, हेही समजत नव्हतं.

सगळे घोषणा देऊन, कपाळाला माती लावून वर चढायला लागले. मी एका दगडाला हात टेकून तिथंच राहिले. पाण्याचा आवाज ऐकू येत होता, दुसरं काही नाही. वरून म्होरक्यानं दोनदा हाक मारली, हातानं खुणावलं. त्याला हातानंच थांब म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ तशीच कान देऊन उभी राहिले.