शपथेतले वाक्य आणि अलास्काचा रस्ता



कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ आपल्यापैकी अनेकांनी घेतली आहे. २०२१ पासून त्या शपथेत इथल्या मूळ रहिवाशांच्या आणि त्यांच्याशी झालेल्या करारांच्या हक्कांचा उल्लेख असतो. समारंभाहून घरी येताना मुलीने विचारले, "बाबा, कसले करार?" मला धड सांगता येईना. मग वाचायला बसलो. त्यातली एक हकीकत सांगतो.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अलास्काला खुष्कीचा मार्ग हवा म्हणून अमेरिकन सैन्याने मार्च १९४२ मध्ये काम सुरू केले आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे २,४०० किलोमीटरचा रस्ता खुला झाला. डॉसन क्रीकहून निघणारा हा मार्ग युकॉनमधून अलास्कात जातो. स्थापत्यशास्त्राचा हा पराक्रम खराच. पण ज्यांच्या भूमीतून तो गेला त्यांना कुणी विचारले नाही. आपल्या गावी रस्त्यात शेत गेले तर निदान नोटीस येते, सात-बारावर नाव असते. युकॉनच्या लोकांपाशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, पण कागद नव्हता.

रस्त्याबरोबर रोगही आले. टेस्लिन गावात १९४२-४३ मध्ये गोवर, कावीळ, हगवण अशा साथींनी घरेच्या घरे आजारी पडली. बाहेरचे लोक शिकार संपवतील या भीतीने सरकारने क्लुएनचा प्रदेश राखीव केला, आणि तिथे वाडवडिलांपासून शिकार करणाऱ्यांनाच बंदी झाली.

१४ फेब्रुवारी १९७३ रोजी एलायजा स्मिथ व त्यांचे सहकारी ऑटावाला गेले आणि पंतप्रधान पिअर ट्रुडो यांच्या हाती त्यांनी आपल्या मागण्यांचे निवेदन दिले. स्मिथ स्वतः दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात होते. वाटाघाटी वीस वर्षे चालल्या. मुख्य करारावर १९९३ मध्ये सह्या झाल्या. तो पाहायला स्मिथ नव्हते, १९९१ मध्येच ते वारले.

करारात सुमारे ४१,६०० चौरस किलोमीटर जमीन, १९८९ च्या हिशेबाने सुमारे २४ कोटी डॉलर्स, आणि प्रत्येक समाजाने स्वतःचा अंतिम करार करायचा, असे ठरले. बदल्यात उरलेल्या जमिनीवरचा दावा सोडायचा होता. पहिले चार करार १९९५ मध्ये अमलात आले. त्यांपैकी शॅम्पेन व एशिहिक लोकांना क्लुएनच्या राष्ट्रीय उद्यानात पुन्हा शिकारीचा हक्क आणि कारभारात वाटा मिळाला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. वाटाघाटीचा खर्च या लोकांना सरकारकडूनच कर्जाऊ मिळे, आणि तो भरपाईतून वळता होई. म्हणजे आपलेच मागायला कर्ज काढायचे! अशी कर्जे माफ करण्याचा व फेडलेली परत देण्याचा निर्णय २०१९ च्या अर्थसंकल्पात झाला.

चौदांपैकी अकरा समाजांनी अंतिम करार केले. न केलेल्या तिघांपैकी दोघे, बीव्हर क्रीक आणि वॉटसन लेकचे, याच रस्त्याच्या काठी राहतात.

करारावर सही सरकारची असते, आणि शपथ घेतली की ते सरकार आपलेही होते. गेलेली माणसे परत येत नाहीत, पण दिलेला शब्द पाळता येतो. मुलीला मी एवढेच सांगितले. उन्हाळ्यात कुणी त्या बाजूला गाडी काढलीत, तर डोंगर जरूर पाहा, पण रस्त्याकाठच्या गावांतही थोडे थांबा.