मध्ययुगीन लुक्का परिसरातील चर्चची जमीनधारणा आणि ग्रामीण अधिसत्ता

प्रस्तावना :
मध्ययुगीन इटलीत चर्च हा मोठा जमीनदार होता, हे सर्वश्रुत आहे. परंतु जमिनीची मालकी आणि माणसांवरील सत्ता या दोन भिन्न बाबी होत्या. तोस्काना प्रांतातील लुक्काच्या बिशपक्षेत्राच्या आधारे हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पिएवे आणि दशमांश :
अनेक गावांसाठी मिळून बाप्तिस्म्याचे एक मुख्य चर्च असे. त्यास ‘पिएवे’ म्हणत. इ. स. ७७९ मध्ये शार्लमेनने दशमांश बंधनकारक केला. जमीन कोणाचीही असो, उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावाच लागे. तत्त्वतः हे उत्पन्न बिशप, धर्मगुरू, गोरगरीब व चर्चची इमारत यांसाठी होते.

पट्टे आणि घराणी :
दहाव्या शतकात लुक्काच्या बिशपांनी अनेक पिएवे, त्यांच्या जमिनी व दशमांशासह, प्रतिष्ठित घराण्यांना पट्ट्याने दिले. बिशप तेउदिग्रिमो (९८३–९८७) याच्या काळात अशा पट्ट्यांची संख्या विशेष वाढली. सेर्किओ खोऱ्यातील लोप्पियाचे पिएवे रोलांदिंगी घराण्याकडे गेले ते याच काळात. बिशपला ठरावीक खंड आणि राजकीय पाठिंबा मिळाला. गावाचा धार्मिक कर मात्र खाजगी उत्पन्न बनला.

अधिसत्तेची मर्यादा :
अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोस्कानाच्या मार्क्विसांची सत्ता खिळखिळी झाली. गार्फान्यानाच्या डोंगराळ भागात पट्टेधारक घराण्यांनी किल्ल्यांच्या बळावर स्थानिक अधिसत्ता उभारली. लुक्कालगतच्या मैदानात मात्र जमिनी विखुरलेल्या होत्या, मालक अनेक होते आणि शहर प्रबळ होते. तेथे अधिसत्ता दुर्बलच राहिली, हे ख्रिस विकहॅम यांनी दाखविले आहे. शहराच्या उत्तरेस मोरियानो येथे खुद्द बिशपची अधिसत्ता होती. तेथे त्याचा किल्ला होता आणि रहिवाशांवर न्यायाधिकारही होता.

निष्कर्ष :
केवळ जमीन किंवा केवळ दशमांश यांतून अधिसत्ता निर्माण झाली नाही. जमीन, दशमांश व न्यायाधिकार जेथे एका हाती एकवटले, तेथेच ती रुजली. इ. स. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने गृहस्थांनी दशमांश अन्य गृहस्थांकडे हस्तांतरित करण्यास मनाई केली. यावरून चर्चने गमावलेले उत्पन्न परत मिळविणे किती कठीण झाले होते, हे लक्षात येते. म्हणूनच ग्रामीण सत्तेचा अभ्यास करताना ‘जमीन कोणाची?’ या प्रश्नाबरोबरच ‘धान्याचा दहावा हिस्सा कोणाच्या कोठारात गेला?’ हाही प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.