४२९४९६७२९७ (संख्या)

४,२९,४९,६७,२९७ (चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव) ही दहा अंकी विषम संख्या आहे. तिची किंमत २^३२ + १ एवढी असून (येथे ^ हे घाताचे चिन्ह आहे) क्रमांक शून्यापासून मोजल्यास ती पाचवी फर्मा संख्या होय. संयुक्त असलेली ही सर्वांत लहान फर्मा संख्या आहे.

इतिहास

२ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीने वाढवत नेऊन प्रत्येक वेळी १ मिळवला असता फर्मा संख्या मिळतात. त्यांपैकी पहिल्या पाच, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, या मूळ संख्या आहेत. त्यावरून फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये या क्रमातील सर्वच संख्या मूळ असाव्यात असे अनुमान मांडले. मात्र त्याची सिद्धता आपणापाशी नाही, हेही त्यांनी मान्य केले होते. १७२९ मध्ये गोल्डबाख यांनी पत्राद्वारे लिओनार्ड ऑयलर यांचे लक्ष या विधानाकडे वेधले. १७३२ मध्ये ऑयलर यांनी ६४१ हा विभाजक दाखवून ते अनुमान खोटे ठरवले:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

हे दोन्ही अवयव मूळ आहेत.

विभाजकाचा शोध

या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४क + १ या स्वरूपाचा असतो, हे ऑयलर यांनी पुढे सिद्ध केले. या स्वरूपाच्या मूळ संख्या अनुक्रमे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा येतात. म्हणजे पाचव्याच भागाकारात बाकी शून्य उरते.

भागाकार न करताही याचा पडताळा घेता येतो. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१ मानता येते. दोन्हींचा चौथा घात केल्यास ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. तसेच ६४१ = ५^४ + २^४ असल्याने ५^४ च्या जागी −२^४ घेता येते. त्यामुळे −२^३२ ची बाकी १ ठरते आणि २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

इतर गुणधर्म

* ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६^२ + १^२ आणि ६२२६४^२ + २०४४९^२. मूळ संख्येबाबत असे दोन प्रकार संभवत नाहीत.
* तिला चार विभाजक असून त्यांची बेरीज ४३०१६६८३५६ आहे.
* संयुक्त असूनही ती २ या पायाच्या फर्मा कसोटीस उतरते. म्हणून ती छद्ममूळ संख्या आहे.
* तिच्यातून २ वजा केल्यास ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा गुणाकार मिळतो. गाउस यांच्या सिद्धांतानुसार तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपासच्या साहाय्याने काढणे तत्त्वतः शक्य आहे.

महत्त्व

पाच उदाहरणे जुळली तरी नियम सिद्ध होत नाही, याचा ही संख्या बोलका दाखला आहे. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सर्व फर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. ६५,५३७ च्या पुढे एखादी मूळ फर्मा संख्या आहे की नाही, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.