मक्याच्या देशाची भाषा

मंदिरातला स्वाध्याय संपला की पायऱ्यांवर दहा मिनिटं तरी बायकांच्या गप्पा होतात. गेल्या रविवारी विषय होता माझी भाची. तिला हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठात स्पॅनिशच्या बी.ए.ला प्रवेश मिळतो आहे. ‘‘म्हणजे स्पेनला जाणार का गं?’’ एकीने विचारलं. ‘‘आणि होस्टेलात कांदा-लसणाचं काय?’’ दुसरीने. दादाचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, प्रश्न सरळ आहे: ही पदवी घेऊन पुढे काय? पैसे त्याचे जाणार, तेव्हा त्याने विचारलं यात चूक नाही. पण ‘आर्ट्स घेऊन काय करणार’ हे ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळे मला राहवलं नाही.

परकी भाषा शिकून काय होतं, हे खरं तर आपल्या समाजाने विचारूच नये. हर्मन याकोबी हे जर्मन पंडित विद्यापीठात संस्कृत शिकले, पुढे प्राकृताकडे वळले, १८७३-७४ मध्ये हस्तलिखितं पाहत राजस्थानात फिरले. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे असं तेव्हा युरोपात बरेच विद्वान मानत. १८७९ मध्ये कल्पसूत्राच्या प्रस्तावनेत याकोबींनी ते खोडून काढलं. १८८४ मध्ये आचारांग आणि कल्पसूत्राचं त्यांचं इंग्रजी भाषांतर आलं. ग्रंथ श्वेतांबर परंपरेचे, आम्ही दिगंबर. पण फायदा दोघांचाही झाला.

योगायोग असा की त्याच १८८४ साली वर्ध्याला पांडुरंग सदाशिव खानखोजे जन्मले. मराठी माणसाचं आणि स्पॅनिशचं नातं शोधायचं तर मला पहिलं नाव हेच सुचतं. क्रांतीच्या ओढीने तरुणपणी देश सोडला, जपानमार्गे अमेरिकेत गेले, तिथे शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळ उभारणाऱ्यांत सामील झाले. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने इंग्रजांशी लढले. परत यायची वाट बंद झालेली. १९२४ मध्ये, चाळिशीला टेकलेले असताना, ते मेक्सिकोत पोचले.

तिथे सगळा कारभार स्पॅनिशमध्ये. मराठी, हिंदी, इंग्रजी काही कामाचं नाही. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं ते स्पॅनिशमध्ये, मक्याच्या नव्या वाणांवर लिहिलं तेही स्पॅनिशमध्ये. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषिशाळा काढल्या. विचार करा, वऱ्हाड-वर्ध्याकडचा माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्याला त्याच्याच मक्याबद्दल सांगतोय, आणि तो ऐकून घेतोय! नुसतं व्याकरण पाठ करून हे साधलं नसणार. त्या माणसांचं खाणं, त्यांची जमीन, त्यांचा राग हे सगळं कळावं लागतं. स्पॅनिश ही तिथेही मूळची नाहीच, १५२१ नंतर जेत्यांबरोबर आली आणि रुजली. इंग्रजांशी भांडणाऱ्या खानखोज्यांनी विज्ञान इंग्रजीतूनच शिकलं होतं, त्यामुळे हे कोडं त्यांना नवं नसावं.

दिएगो रिवेरा हा तिथला मोठा चित्रकार. त्याने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत ‘आपली रोजची भाकरी’ अशा अर्थाच्या नावाचं भित्तिचित्र काढलं, त्यात मेजाशी बसून भाकरी मोडणारे खानखोजे आहेत. पुढे ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. ‘एक होता कार्व्हर’वाल्या वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र लिहिलंय, पण कार्व्हर घराघरांत पोचला तेवढे आपले खानखोजे पोचले नाहीत.

आपण इंदूरकर सराफ्यात उभं राहून भुट्ट्याचा कीस खातो, तो भुट्टा मूळचा मेक्सिकोचाच. टोमॅटो, पपई हे शब्द तिकडच्या मूळ रहिवाशांच्या बोलींतले, स्पॅनिशच्या वाटेने जगभर पसरले. बटाटा हा शब्दही तिकडचाच. बटाटा आमच्या घरात येत नाही, शब्द मात्र कधीचा आलाय.

आता पदवीचं. जेएनयूत, दिल्ली विद्यापीठातही स्पॅनिशची बी.ए. ऑनर्स आहे. नवख्या मुलांना मुळाक्षरांपासून शिकवतात. मग इतिहास, साहित्य, भाषांतर. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे, तेव्हा स्पेनलाच जायला हवं असं काही नाही. पुढे शिकवणं, दुभाषाचं काम, भाषांतर, कंपन्यांमधली कामं आहेत. सी.ए.सारखी मळलेली वाट मात्र नाही, हे मी भाचीलाही सांगितलं.

तिला मी आणखी एक नाव दिलं: सोर हुआना. सतराव्या शतकातली मेक्सिकोची संन्यासिनी. मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता, म्हणून लहानपणी तिने आईकडे हट्ट धरला, मला मुलाचे कपडे घालून तिथे पाठव. ते झालं नाही. ती मठात गेली, तिथे पुस्तकं जमवली, आणि १६९१ मध्ये एका बिशपला लांबलचक पत्र लिहून बायकांच्या शिकण्याची बाजू मांडली. स्वयंपाक करतानाही निसर्गाचे नियम दिसतात, असंही त्यात ती म्हणते. आमच्या आर्यिका माताजी चातुर्मासात गोम्मटसार समजावून सांगतात तेव्हा मला ही बाई आठवते.

भाचीने लगेच विचारलं, ‘‘आत्या, ते पत्र मला मूळ स्पॅनिशमध्ये वाचता येईल का?’’ दादा शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही. जाताना मात्र खानखोज्यांचं पुस्तक मागून घेऊन गेला. फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे.