डब्लिनच्या रस्त्यांवरून, एप्रिल १९१६

डब्लिनमध्ये १९१६ च्या ईस्टर उठावाची जी पायी फेरी निघते, ती एका मद्यगृहातून सुरू होते. आम्हां दोघांनाही हे आरंभी थोडे चमत्कारिक वाटले. शनिवारवाडा दाखवावयास निघालेल्या माणसाने मंडळींना आधी गुत्त्यात जमवावे, ही कल्पना आपल्याकडे कोणाच्या मनात यावयाची नाही. परंतु आयरिश इतिहासातील पुष्कळशी खलबते अशाच जागी झालेली असल्याने त्यात औचित्यभंग नसावा. असो.

मार्गदर्शकाने प्रारंभ केला तो फसलेल्या बेतापासून, आणि हे त्याने उत्तम केले. उठाव ठरला होता २३ एप्रिलच्या ईस्टर रविवारी. त्याआधीच जर्मनीहून शस्त्रे आणणारे जहाज ब्रिटिश आरमाराने अडविले, खलाशांनी ते स्वतःच बुडविले, आणि रॉजर केसमेंट केरीच्या किनाऱ्यावर पकडला गेला. स्वयंसेवक दलाचा प्रमुख ओएन मॅकनील याला या बेतापासून दूर ठेवले होते; त्याला कळताच त्याने रविवारचे सर्व संचलन रद्द केल्याचे वृत्तपत्रातून जाहीर केले. तरीही सोमवारी, २४ एप्रिलला, सुमारे बाराशे माणसे बाहेर पडली. यश मिळणार नाही हे पुढाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक होते. मग ते का निघाले, या प्रश्नावर गेली शंभर वर्षे वाद चालू आहे.

आम्ही साहित्याचे अध्यापक. त्यामुळे आमचे लक्ष साहजिकच जाहीरनाम्याकडे गेले. लिबर्टी हॉलमधील जुन्या यंत्रावर तो छापला गेला. खिळे पुरेसे नव्हते, म्हणून मजकूर दोन भागांत जुळवून कागद दोनदा यंत्राखालून काढावा लागला. एका अक्षराला लाखेचा तुकडा चिकटवून त्याचे दुसरे अक्षर केले गेले. खाली सही करणाऱ्या सात जणांपैकी पिअर्स, मॅकडोना आणि प्लंकेट हे तिघे कवी होते. मॅकडोना तर विद्यापीठात इंग्रजी शिकवीत असे, म्हणजे आमच्याच व्यवसायातला. पिअर्स शाळा चालवीत असे, आणि त्याच शाळेच्या मदतीसाठी १९१३ च्या मे महिन्यात अ‍ॅबी थिएटरमध्ये रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’चा प्रयोग झाला होता. पुढे तीन वर्षांनी हाच मुख्याध्यापक खऱ्याखुऱ्या डाकघरासमोर उभा राहून प्रजासत्ताकाची घोषणा वाचतो, या योगायोगाचा मोह आवरणे आम्हांस कठीण गेले.

ते डाकघर, म्हणजे जनरल पोस्ट ऑफिस, आजही टपालकचेरी आहे. समोरचा नेल्सनचा स्तंभ १९६६ मध्ये स्फोटाने उडविला गेला. त्या जागी २००३ पासून पोलादी सुळका उभा आहे. थोडे खाली, ओ’कॉनेलच्या पुतळ्याच्या पायथ्याशी पंख असलेल्या ब्राँझच्या स्त्रीमूर्ती आहेत. त्यांच्या अंगावरील गोळ्यांची भोके दाखवून मार्गदर्शक लोकांना बोट घालून पाहावयास सांगतो. आम्हीही घातले. मात्र याच रस्त्यावर १९२२ च्या यादवीतही लढाई झाली, तेव्हा अमुक भोक अमुक वर्षाचे असे छातीठोकपणे सांगणे धाडसाचे आहे, अशी शंका आमच्यापैकी एकाने घेतली. दुसऱ्याला ती त्या क्षणी अगदी प्राध्यापकी वाटली.

शुक्रवारी, २८ एप्रिलच्या संध्याकाळी, जळते डाकघर सोडून बंडखोर मूर स्ट्रीटच्या गल्लीत शिरले. घरांच्या भिंती फोडत, एका घरातून दुसऱ्या घरात ते सरकत गेले, आणि शनिवारी १६ क्रमांकाच्या घरात शरणागतीचा निर्णय झाला. पांढरे निशाण घेऊन गोळीबारात पुढे गेली ती एलिझाबेथ ओ’फॅरल ही परिचारिका. पिअर्स शरण जातानाच्या प्रसिद्ध छायाचित्रात त्याच्यामागे तिची केवळ पावले दिसतात; पुढे अनेक ठिकाणी हे चित्र छापताना तीही पुसली गेली.

फेरीचे मन येथे हळवे होते, आणि ते समजण्यासारखे आहे. नंतरच्या देहदंडांची कथा मोठीच आहे. ३ मे ते १२ मे या काळात किल्मेनहॅमच्या तुरुंगात चौदा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. कॉनोली जखमी असल्याने त्याला खुर्चीवर बसवून मारले. ज्या नगरवासीयांनी कैद्यांना शिव्या घातल्या होत्या, तेच या दहा दिवसांत त्यांच्या बाजूला वळले. परंतु शिव्या देणाऱ्यांत पुष्कळशा अशा स्त्रिया होत्या, ज्यांचे नवरे ब्रिटिश सैन्यात फ्रान्सच्या आघाडीवर होते. त्याच आठवड्यात हुलुख येथे विषारी वायूच्या हल्ल्यात आयरिश सैनिक शेकड्यांनी मेले. त्यांच्यासाठी डब्लिनमध्ये उद्यान आहे, त्याची आखणी नवी दिल्लीच्या लट्येन्सने केली. पण त्याचे औपचारिक उद्घाटन व्हावयास १९८८ साल उजाडले. आणि उठावात मेलेल्या सुमारे ४८५ माणसांत निम्म्याहून अधिक साधे नागरिक होते, चाळीस मुले होती. शताब्दीच्या वर्षी ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत बंडखोर, नागरिक आणि ब्रिटिश सैनिक या सर्वांची नावे एकाच भिंतीवर कोरली गेली. त्या भिंतीवर २०१७ मध्ये रंग फेकला गेला, २०२० मध्ये घणाचे घाव बसले. पुढे विश्वस्तांनी तो उपक्रमच आवरता घेतला.

हे ऐकताना आमच्या मनात दुसराच पंचांग उघडला होता. डाकघर जळत होते त्याच २८ एप्रिलला बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर, आणि केळकरांनीच मराठीत आयर्लंडचा इतिहास लिहिला होता. आपण ज्या देशाकडून ‘होमरूल’ हा शब्द उसना घेतला, त्याच देशात तो शब्द त्या दिवशी आगीत जुना होत होता. दुसऱ्या दिवशी, २९ एप्रिलला, पिअर्स शरण गेला, आणि त्याच दिवशी मेसोपोटेमियात कुत येथे टाउनशेंडने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. ती सेना म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कैदेच्या त्या कूचात किती माणसे वाळवंटात पडली!

होमरूल लीगचा पाठ आम्ही वर्गात दरवर्षी घेतो. कुतचा उल्लेख आमच्यापैकी कोणीही कधी केलेला नाही.

फेरी संपल्यावर मार्गदर्शकाने, तुमच्याकडे त्या सैनिकांची काही खूण आहे का, असे विचारले. आम्ही त्याला सातारा आणि कोकणाकडच्या गावांतील दगडी पाट्यांविषयी सांगितले: या गावातून महायुद्धास इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. त्याने नावांची चौकशी केली. पाटीवर नुसते आकडे असतात, हे आम्ही त्याला सांगितले.